डॉजर्स धर म्हणे!

काल शिवजयंतीच्या कार्यक्रमानंतर जेवणाच्या रांगेत एका ओळखीच्यांनी सल्ला दिला, "मरिनर्स सोड आता. डॉजर्स धर, सलग दोन वर्षं वर्ल्ड सिरीज जिंकलेत." आजूबाजूचे हसले. मी ताट घेऊन पुढे गेले, पण डोक्यातून जाईना. म्हणून लिहितेय. (मरिनर्स ही आमची सिएटलची बेसबॉल टीम, डॉजर्स लॉस एंजेलिसची, आणि वर्ल्ड सिरीज म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका.)

राहायचं सिएटलला, मुलं वाढवायची इथल्या पावसात, आणि टीम धरायची लॉस एंजेलिसची? का, तर ती जिंकते म्हणून? भारत कसोटी हरला म्हणून तुमच्यापैकी कोणी ऑस्ट्रेलियाचा झेंडा हातात घेतलात का कधी?

हो, 1977 पासून आजवर एकदाही वर्ल्ड सिरीजपर्यंत न पोचलेली मेजर लीगमधली, म्हणजे इथल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमधली, एकमेव टीम आमचीच. माहीत आहे.

पण गेल्या 20 ऑक्टोबरला इथे लक्ष्मीपूजन होतं आणि त्याच संध्याकाळी टोरांटोशी सातवी, वर्ल्ड सिरीजला कोण जाणार हे ठरवणारी मॅच. आई साताऱ्याहून आलेली. पूजा मांडली, टीव्हीचा आवाज बारीक केला, बंद मात्र केला नाही. तसं तिनंच सांगितलं होतं. आपण 3-1 ने पुढे, त्यांचे फक्त आठ आउट हवे होते. सातव्या इनिंगमध्ये टोरांटोच्या स्प्रिंगरनं तीन रनांचा होमरन मारला. 4-3. मी रिमोट उचलला, तर आई म्हणाली, "बंद करू नकोस. आपली बॅटिंग राहिलीय अजून."

बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन रेडिओला कान लावून ऐकत मोठी झालेली बाई ती. बेसबॉलचे निम्मे नियम तिला कळत नव्हते. पण शेवटी आपला हूलियो रॉड्रिगेझ स्ट्राइकआउट झाला, तेव्हाच ती जागची उठली आणि पणत्यांत तेल घालायला गेली. आणि इथे पंचवीस वर्षं राहिलेली माणसं मला टीम बदलायला सांगतात!

(स्प्रिंगरला चेंडू टाकायला बझार्डोऐवजी मुन्योसला आणायला हवं होतं, मान्य. मॅनेजर डॅन विल्सनचा तो निर्णय मलाही अजून पटलेला नाही.)

त्यानंतरचा हिवाळा मी यूट्यूबवर काढला. 'सिक्रेट बेस' या चॅनेलवर मरिनर्सच्या इतिहासाची 2020 सालची मालिका आहे, सहा भागांची, तीन तासांहून मोठी. नुसते आलेख, जुनी कात्रणं आणि एक शांत आवाज, पण मी दोनदा रडले. 2001 मध्ये 116 मॅच जिंकलेली टीम, इचिरोचं पहिलंच वर्ष, आणि मग थेट 2022 पर्यंत प्लेऑफचं, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीचं, तोंड पाहिलं नाही. हे सगळं प्रेमानं सांगणारी माणसं आहेत जगात, हे बघूनच बरं वाटलं.

तिथून डेव्ह नीहाउसच्या जुन्या रेडिओ क्लिप सापडल्या. पहिल्या मोसमापासून 2010 मध्ये जाईपर्यंत तो माणूस मरिनर्सचा आवाज होता. 1995 ची, यांकीजविरुद्धची अकरावी इनिंग ऐका. एडगर मार्टिनेझचा डबल, आणि पहिल्या बेसवरून सुटलेला ग्रिफी थेट होमपर्यंत. आईला पाठवली. तिचा फोन आला, "काय बोलतो गं हा! दिसत नसताना सगळं दिसतं." आता साताऱ्यात रोज सकाळी ती अशी एकेक क्लिप ऐकते. आणि पुढच्या मॅच कधी, हे दर फोनला विचारते.

तर यंदा. ॲरिझोनातल्या पिओरियात मोसमाआधीचा सराव सुरू झालाय. आमच्या कॅल रालीनं मागच्या वर्षी 60 होमरन मारले, कुठल्याच कॅचरनं (बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्यानं) असं कधी केलं नव्हतं. 60 पुन्हा होणं अवघड आहे, कबूल, पण 40 मारले तरी मी खूश. आमचा बॅटर नेलर पाच वर्षांच्या करारानं राहिला, याचा आनंद सांगता येत नाही. दुसरा बॅटर सुआरेझ मात्र टीम सोडून गेला. टोरांटोविरुद्धच्या पाचव्या मॅचमधला त्याचा ग्रँड स्लॅम, चार रनांचा होमरन, आठवला की अजून पोटात तुटतं. किर्बी, गिल्बर्ट, मिलर हे आमचे तिन्ही पिचर मागच्या वर्षी जखमी झाले होते आणि तरी आपण आठ आउटवर येऊन पोचलो. ते तिघं धड राहिले तर? विचार करा ना!

यंदा चेंडू स्ट्राइक होता की नाही, यावर खेळाडू डोक्याला हात लावून मशीनकडे दाद मागू शकणार, टीमला दोन संधी. अंपायरच्या भांडणांत ओठ वाचून कोण काय बोललं ते सांगणारे यूट्यूबवरच्या जॉमबॉयचे व्हिडिओ मी थंडीभर पाहिलेत, त्यामुळे हे मला हवंच होतं. रालीचा कडेचे चेंडू स्ट्राइक भासवणारा हात थोडा स्वस्त होईल, तेवढं खरं.

सल्ला देणारे गृहस्थ वाईट नाहीत. माझ्या लेकाला त्यांनीच बीजगणित शिकवलं, एक पैसा न घेता. दादा, राग नाही. पण एक मॅच आमच्याबरोबर मैदानात बघा, तिकीट मी काढते.

एप्रिलमधल्या एका रविवारची, दुपारची मॅच ठरवतेय. येणाऱ्यांनी खाली नावं लिहा, पुरणपोळ्या माझ्याकडून. अट एकच, शेवटचा आउट होईपर्यंत कोणी पार्किंगकडे पळायचं नाही.