‘नुसते बनियन वाटणारा क्लब’ म्हणणाऱ्या धुळ्याच्या भाऊंना

भाऊ, राम राम. तुमची कमेंट परवा रात्रीच वाचली, पण मोबाईलवर एवढं टाईप करायचं म्हणजे अंगठा दुखून येतो, म्हणून आज लॅपटॉप उघडून बसलोय. बाकीच्यांसाठी सांगतो, सांता मोनिका ट्रॅक क्लब या अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या धावपटूंच्या क्लबच्या इतिहासावर मी लिहिलं होतं त्याच्याखाली भाऊंनी मला चांगलंच धुतलंय. म्हणणं थोडक्यात असं, की हा क्लब नव्हताच, कार्ल लुईस या ऑलिम्पिक विजेत्या धावपटूचं खाजगी दुकान होतं, कोच ह्यूस्टनला, मॅनेजर कॅलिफोर्नियात, क्लबनं केलं काय तर नुसते बनियन वाटले. डोपिंगचं मी मुद्दाम लपवलं, रिलेच्या रेकॉर्डचं चुकीचं लिहिलं, आणि शेवटी आपल्या अहिराणीत, ‘अमेरिकानं काय करनं शे तुले, आपला पोरेसवर लिख ना’.

रिलेचं आधी मिटवतो कारण तिथं मी सरळ चुकलोय. ४x२०० रिलेचा (चौघांनी एकेक करून २००-२०० मीटर पळायचं) विश्वविक्रम अजून क्लबच्याच नावावर आहे असं मी ठोकून दिलं होतं. नाहीये. १७ एप्रिल १९९४ ला कॅलिफोर्नियातल्या वॉलनटला माईक मार्श, लेरॉय बरेल, फ्लॉईड हर्ड आणि कार्ल लुईस यांनी १ मिनिट १८.६८ सेकंद वेळ दिली, ती जमैकाच्या चौघांनी मे २०१४ मध्ये बहामाजला १:१८.६३ करून मोडली. माझ्याकडची वही जुनी, त्यातून बघून उतरवलं, नंतर काय झालं ते तपासलंच नाही. पण भाऊ, फरक बघा ना, पाच शतांश सेकंद, त्या स्पीडला अर्धा मीटरच्या आसपास, आणि तेवढं भरून काढायला वीस वर्षं गेली अन् समोर अख्ख्या देशाची टीम लागली. क्लबवाले क्लबच्या बनियनवरच पळाले होते, अमेरिकेच्या नाही.

आता त्या बनियनचंच घ्या. रिले ही चार वेगवान माणसं उभी केली की होते असं आपल्याला वाटतं. सेऊलला १९८८ मध्ये अमेरिकेची ४x१०० ची टीम पहिल्याच फेरीत बाद झाली, का तर कॅल्विन स्मिथकडून ली मॅकनीलकडे बॅटन (हातातली दांडी) गेलं ते झोनच्या बाहेर, म्हणजे दांडी द्यायच्या ठरलेल्या पट्ट्याबाहेर. माणसं कमी होती का? जगातली सगळ्यात भारी होती. पण हात मागं करायचा अन् मान वळवायची नाही, मागच्याचा आवाज आला की तळवा उघडा ठेवायचा, हा भरवसा एका महिन्याच्या कॅम्पमध्ये येत नाही. मार्श, बरेल, हर्ड, लुईस हेच चौघं १९९२ ला पेन रिलेज या अमेरिकेतल्या रिले स्पर्धेत १:१९.११ पळाले होते, तो पण तेव्हा विश्वविक्रमच, आणि दोन वर्षांनी त्याच चौघांनी त्याच्यातून अजून ०.४३ काढले. १:१८.६८ ला चारानं भागा, एकेकाच्या वाट्याला १९.६७ येतात. धावत्या सुरुवातीचा फायदा मान्य, तरी २०० मीटरला १९.६७ म्हणजे काय ते ज्यानं कधी स्पाईक (खिळ्यांचे बूट) घातलेत त्याला विचारा. हे बनियननं होतं काय?

दुकानाचं म्हणाल तर तारखा बघा. जो डग्लसनं क्लब काढला १९७२ ला. तेव्हा कार्ल लुईस ११ वर्षांचा पोरगा होता, तिकडं दुसऱ्या टोकाला न्यू जर्सीत, विलिंगबरो नावाच्या गावात, जिथं त्याचे आईवडील स्वतःच पोरांचा एक ट्रॅक क्लब चालवायचे (आई इव्हलिन अडथळा शर्यतवाली, १९५१ च्या पॅन अमेरिकन गेम्सला पळालेली). म्हणजे तो क्लबमध्येच वाढला, फक्त दुसऱ्या. मालकाच्या आधी १० वर्षं दुकान चालू होतं असं कधी ऐकलंय का तुम्ही?

मूळ क्लब स्प्रिंटरांचा नव्हताच, हा भाग मी पहिल्या लेखात दोन ओळीत उरकला तिथं तुमचा राग रास्त आहे. डग्लस स्वतः पळालेला तो मिहाय इग्लोई या हंगेरियन कोचच्या हाताखाली. इग्लोई म्हणजे आपल्याकडच्या भाषेत वस्ताद. १९५० च्या दशकात बुडापेस्टला होनवेद म्हणून लष्कराचा क्लब होता, तिथं त्याच्याकडं इहारोश, ताबोरी, रोझावोल्गी असे तिघं, त्यांनी १९५५ ला विश्वविक्रमांचा नुसता धडाका लावला. ताबोरीनं त्याच वर्षी मे महिन्यात लंडनला मैल ३:५९.० मध्ये मारला, चार मिनिटांच्या आत येणारा जगातला तिसरा माणूस. मग १९५६, हंगेरीत उठाव झाला, रशियन रणगाडे आले, मेलबर्नचं ऑलिम्पिक झालं अन् इग्लोई, ताबोरी परत गेलेच नाहीत, थेट अमेरिका. तिथं इग्लोईनं कॅलिफोर्नियात पोरं तयार केली, लॉस एंजेलिस ट्रॅक क्लब चालवला, त्याच्या जिम बीटीनं १९६२ ला इनडोअर मैल चार मिनिटांच्या आत आणला, ते पहिल्यांदाच. डग्लस त्याच मातीतला. तर एका लष्करी क्लबची रीत, एका उठावामुळं, समुद्र ओलांडून सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर आली. मला विचाराल तर कार्ल लुईसपेक्षा हीच गोष्ट जास्त भारी आहे.

आणि रीत काय, तर लांब लांब पळवायचं नाही. १००, १५०, २०० असे तुकडे, सेटनं, मधे हळू जॉगिंग, आणि किती सेकंदात ते सांगायचंच नाही. ‘फ्रेश’, ‘गुड’, ‘हार्ड’ असे शब्द ठरलेले, पोराचा चेहरा अन् चाल बघून तिथल्या तिथं ठरवायचं पुढचा सेट कसला. हे मी इथं जळगावच्या मेहरूण तलावावर एका भरतीवाल्या पोराला समजावून सांगत होतो, म्हटलं शंभरचे दहा मार पण ‘फ्रेश’ पळ, तर तो म्हणे, काका म्हणजे आंघोळ करून का?

कोचचं मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. टॉम टेलेझ ह्यूस्टन विद्यापीठाचा, लुईस, बरेल आणि क्लबचाच स्प्रिंटर जो डिलोच त्याच्याच हातचे, आणि स्टार्टपासून लांब उडीच्या टेकऑफपर्यंत जे काही सुंदर दिसतं ते त्याचं. मी लेखात सगळं श्रेय डग्लसला दिल्यासारखं झालं, ते सुधारतो. पण मग डग्लसनं केलं काय असं जे तुम्ही विचारलंय ना, त्याचं उत्तर मी पुस्तकातून नाही, माझ्या स्वतःच्या फजितीतून देतो.

मी कॉलेजात ८०० पळायचो. बेस्ट २ मिनिटं ६ सेकंद, ते पण मित्राच्या हातातल्या घड्याळावर, म्हणजे खरं काय असेल देव जाणे. तर एका वर्षी आंतर-महाविद्यालयीन स्पर्धेला तयारी करून, उसने स्पाईक पिशवीत घालून, पहाटेच्या एसटीनं गेलो. टेबलावर बसलेल्या सरांनी लिस्टवर बोट ठेवून वरून खाली आणलं, मग खालून वर नेलं. नाव नाही. माझा फॉर्म आमच्या हापिसात टेबलावरच राहिला होता, बोनाफाईडच्या गठ्ठ्याखाली. कोणाच्या मनात वाईट नव्हतं हो, क्लार्क म्हणे पुढच्या वर्षी लवकर दे. पुढच्या वर्षी मी शेवटच्या वर्षाला, मग वडील आजारी, मग केळीचा हिशोब बघायला मीच. संपलं. स्पाईक परत केले तेव्हा त्याला मातीसुद्धा लागली नव्हती.

तर जो डग्लस म्हणजे फॉर्म वेळेत भरणारा माणूस. एवढंच. अमेरिकेत पळणाऱ्याला कॉलेज चार वर्षं सांभाळतं, स्कॉलरशिप, कोच, बस, डॉक्टर सगळं, आणि बाविसाव्या वर्षी दार बंद, बरोबर जेव्हा पाय तयार होतात तेव्हा. पुढं युरोपातल्या उन्हाळी मीट, तिथं लेन मिळायला आयोजकाशी बोलायला पाहिजे, तिकीट, हॉटेल, मानधन किती. त्यात तो काळ हौशी खेळाडूंचा, पैसे सरळ खिशात घ्यायचे नाहीत, १९८२ पासून कुठं ट्रस्टमध्ये ठेवायची मुभा मिळाली. हे सगळं पळणाऱ्यानं करायचं का सेट मारायचे? पैलवानाला वस्ताद लागतो हे आपल्याला पटतं, पण खुराक कोण बघतो, दंगलीला नाव कोण लावतो, गाडीभाडं कोण देतो, हे पण लागतंच की. तो माणूस भाव करणारा असतो, कधी कधी लोकांना नकोसा होतो. डग्लस पण झाला असेल. चालतं.

लुईसचं सोडा, तो कुठंही गेला असता तरी लुईसच झाला असता. जॉनी ग्रे बघा. ८०० वाला, म्हणून माझा जीव त्याच्यावर. ऑगस्ट १९८५ ला कोब्लेंझला १:४२.६० पळाला, तो अमेरिकन विक्रम २०१९ पर्यंत, ३४ वर्षं टिकला, डोनोव्हन ब्रेझियरनं दोहाला मोडला तेव्हा कुठं. आणि ऑलिम्पिक फायनल? १९८४ ला सातवा, १९८८ ला पाचवा, १९९२ ला बार्सिलोनात ब्राँझ, १९९६ ला पुन्हा सातवा, वय ३६. चार ऑलिम्पिक, चारही फायनल. पळायची पद्धत एकच, बंदूक वाजली की पुढं जायचं अन् मागच्यांनी पकडायचं, पकडलं तर पकडलं. शेवटच्या शंभरला पाय शिशासारखे व्हायचे, तरी पुढच्या रेसला परत तेच. असला माणूस ३६ पर्यंत टिकला कारण त्याच्यामागं कोणीतरी होतं, कॉलेज सुटून तर जमाना झाला होता.

डोपिंगचं. हे मी लपवलं, आणि ‘जागा नव्हती’ वगैरे बोलणार नाही. माझ्या खोलीत कार्लचा पेपरातला फोटो भातानं चिकटवलेला होता, म्हणून हात वळला नाही. तर ऐका. १९८८ च्या ऑलिम्पिकसाठीच्या अमेरिकन निवड चाचणीला (ट्रायल्स) लुईस, डिलोच आणि हर्ड तिघांच्या नमुन्यात उत्तेजक सापडले होते, सर्दीच्या औषधात असतात त्या जातीचे, थोड्या प्रमाणात. अमेरिकन ऑलिम्पिक कमिटीनं नकळत घेतलं असं मान्य करून त्यांना सोडलं आणि हे जगाला कळलं २००३ मध्ये, कमिटीच्याच जुन्या अधिकाऱ्यानं, वेड एक्सम यानं कागद बाहेर काढले तेव्हा. ॲथलेटिक्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं नंतर म्हटलं की प्रकरण तेव्हाच्या नियमांना धरूनच हाताळलं. तिघंही एकाच क्लबचे, हे तुम्ही नेमकं पकडलंय. सेऊलला १०० मध्ये बाद झालेल्या कॅनडाच्या बेन जॉन्सनचं स्टॅनोझोलॉल (ताकद वाढवणारं स्टेरॉईड) आणि हे एका तागडीत टाकणं मला पटत नाही, पण १५ वर्षं गप्प राहिले ते पण पटत नाही, आणि मी लिहिलं नाही ते तर नाहीच नाही.

त्या सेऊलचं एक राहिलं. तुम्ही म्हणता लुईसला १०० चं सोनं फुकटात मिळालं. जॉन्सन ९.७९ पळून बाद झाला हे खरं, पण लुईस ९.९२ पळाला होता, ते काय चालत नव्हतं भाऊ. आणि २०० ला त्याला हरवलं कोणी? त्याच्याच क्लबच्या जो डिलोचनं, १९.७५ विरुद्ध १९.७९. ४०० ला सोनं स्टीव्ह लुईसचं, १९ वर्षांचं पोर, ४३.८७, तिसरा आला डॅनी एव्हरेट, दोघं क्लबचेच. मालकाच्या दुकानात नोकर मालकाला ऑलिम्पिक फायनलमध्ये हरवतो का? पुढं १०० च्या विक्रमाचं पण तसंच, जून १९९१ ला बरेल ९.९०, ऑगस्टला टोकियोत लुईस ९.८६, जुलै १९९४ ला लॉसानला परत बरेल ९.८५. दोघं एकाच कोचकडं सराव करणारे, विक्रम घरातल्या घरात फिरत होता.

राहिले आपले पोरे. भाऊ, मी अमेरिकेबद्दल लिहितो ते त्यांच्यामुळंच. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ ला टेकतो म्हणून पोरं साडेचारला उठतात, तलावावर, हायवेच्या कडेला, ट्रकच्या लाईटमध्ये पळतात. पोलीस भरतीला १६०० मीटर, ५ मिनिटं १० सेकंदांत आला तर पूर्ण २० गुण. १६०० म्हणजे मैलाला नऊ मीटर कमी, म्हणजे ताबोरीचीच रेस की ती! पण निकाल लागला की पळणं बंद, लागला तरी आणि नाही लागला तरी. आपल्याकडं क्लबचं काम खातं करतं, लष्कर, रेल्वे, पोलीस. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातला, महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला, मग लष्करातच स्टीपलचेसवाला (अडथळे अन् पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची रेस) झाला अन् २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतून रौप्य घेऊन आला. होनवेद पण लष्कराचाच होता की. पण जो कुठल्या खात्यात लागलाच नाही, अन् ज्याचे पाय तेविसाव्या वर्षी आत्ता कुठं तयार व्हायला लागलेत, त्याचा फॉर्म कोण भरतो? आपल्या तालुक्यात असा एक माणूस तुम्हाला माहीत असेल तर सांगा, त्याच्यावर लिहितो, धुळ्याला येऊन लिहितो.

रिलेचा आकडा लेखात बदललाय, बाजूला ‘दुरुस्ती’ असं लिहूनच. टेलेझ आणि २००३ चा भाग आज रात्रीच टाकणार होतो पण आमच्याकडं लाईट गेलीय आणि लॅपटॉप ११ टक्क्यांवर आलाय, उद्या सकाळी तलावावरून आलो की टाकतो.