फिश टँकचं पाणी आणि कुंड्या: त्या मेसेजबद्दल खुलासा

सध्या एक मेसेज फिरतोय की फिश टँकचं जुनं पाणी म्हणजे पूर्ण खत, कुठल्याही टँकचं घाला, बाकी काही द्यायची गरजच नाही. यातलं अर्धंच खरं आहे.

खरं काय, तर माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात आणि हे नायट्रेट झाडं आवडीने घेतात. म्हणून गोड्या पाण्याच्या टँकचं पाणी बदलताना ते मोरीत ओतण्यापेक्षा मनी प्लँटला घातलेलं कधीही चांगलं, मी पण घालते.

पण पूर्ण खत? पाणी तपासायच्या टेस्ट किटवर नायट्रेट ४० पीपीएम (म्हणजे लिटरमागे ४० मिलिग्रॅम) आलं (टँकसाठी हे भरपूर झालं) तरी त्यात प्रत्यक्ष नायट्रोजन जेमतेम ९ पीपीएम असतो आणि कुंडीतल्या झाडांना जे लिक्विड खत देतात त्यात साधारण १०० ते २०० पीपीएम असतो, म्हणजे फरक बघा. पोटॅशियम, लोह वगैरे पण बहुतेक वेळा कमीच पडतं.

आणि "कुठल्याही टँकचं" हे तर अजिबात नको. समुद्री माशांच्या टँकचं पाणी खारट, त्याने मुळं पाणी ओढू शकत नाहीत, पानांच्या कडा करपतात आणि झाड जातं. माशांना औषध किंवा मीठ घातलं असेल तरी ते पाणी टाकूनच द्या, काही औषधांत तांबं असतं. कोथिंबीर, पुदिन्याला तर असं पाणी नकोच.

तो मेसेज आला तर प्लीज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे पण टाका.