मा. म्हणजे माननीय की माजी?

बेळगावात मराठी पेपरच्या डेस्कवर बसायचं ठरवलंच असेल, तर शुद्धलेखन सवडीनं शिका. आधी पुढाऱ्यांना शीर्षकात बसवायला शिका. जागा दोन कॉलमांची आणि नेता आठ कॉलमी, सगळी अडचण तिथंच आहे.

कर्नाटकात बऱ्याच पुढाऱ्यांच्या नावात आधी गाव येतं, मग वडील, शेवटी माणूस. डी. के. शिवकुमार म्हणजे दोड्डआलहळ्ळीच्या केंपेगौडांचे शिवकुमार. जागा कमी पडली की आपण ‘डीके’ छापतो. गाव राहिलं, वडील राहिले, शिवकुमार तेवढे गळाले. अजून कुणी तक्रार केलेली नाही. देवेगौडा आणि कुमारस्वामी दोघंही एच. डी.; पण वडिलांचा ‘डी’ दोड्डेगौडांचा, मुलाचा देवेगौडांचा. हे वाचकाला समजावत बसू नका, पान उशिरा सुटतं. येडियुरप्पांनी २०१९ मध्ये इंग्रजी स्पेलिंग बदललं. देवनागरीला त्याचा पत्ताच नाही. मात्र जागा नाही म्हणून त्यांच्या नावाची पहिली दोनच अक्षरं ठेवू नका. का, ते मराठी वाचकाला सांगायला नको.

जारकीहोळी हे आडनाव मात्र डेस्कवरचं वरदान. २०२३ मध्ये या घरातले भाऊ विधानसभेवर: यमकनमर्डीतून सतीश, गोकाकमधून रमेश, अरभावीतून बालचंद्र निवडून आले. लखन त्याआधीच विधान परिषदेत. २०२४ मध्ये चिकोडीतून सतीश यांची कन्या प्रियांका खासदार. पक्षही सगळ्यांचा एक नाही. त्यामुळं ‘जारकीहोळी बेंगळूरला रवाना’ एवढंच छापावं. बातमी खोटी ठरत नाही. कुणी ना कुणी गेलेलं असतंच.

मंत्र्याला ‘ना.’, आमदाराला ‘आ.’, खासदाराला ‘खा.’ (हसू नका, रोज छापतो). इथल्या उस्तुवारी (जिल्हा प्रभारी) मंत्र्याला आपण महाराष्ट्रासारखं सरळ ‘पालकमंत्री’ म्हणतो. शीर्षकापुरता का होईना, सीमाप्रश्न सुटतो. क्रियापदाचंही भान ठेवा. चोर ‘पळाला’, पुढारी ‘अज्ञातस्थळी रवाना झाले’.

आणि ‘माजी’ हा शब्द पूर्ण लिहायचा नाही. मी एकदा लिहिला होता. रात्री साडेदहाला फोन.

“काय ओ, आमच्या अण्णांना माजी कशाला करालाय?”

म्हटलं, “अहो, निवडणूक हरलेत ते.”

“ते लोकांनी केलंय. तुम्ही नुसतं ‘मा.’ घाला की!”

घातलं. सकाळी अण्णांनी ‘माननीय’ वाचलं, विरोधकांनी ‘माजी’ वाचलं. त्या आठवड्यात वाढदिवसाच्या जाहिराती दोन्हीकडून आल्या.