टक्क्यात मागायचं की रुपयात?

रबाळे स्टेशनबाहेरच्या कट्ट्यावर पहिली पाळी सुटली की चहाबरोबर मागणीपत्रही निघतं. परवाचा विषय होता, युनियनच्या कमिटीत बायकांसाठी दोन जागा राखून ठेवायच्या का. वाद तिघांचा: युनियनच्या कामात केस पिकलेले तात्या, पॅकिंगमधल्या बायकांची बाजू लावून धरणाऱ्या ताई आणि कामगार कोर्टातले वकीलसाहेब.

"जागा द्याच," ताई म्हणाल्या, "पण नुसत्या जागेने पगारातली दरी बुजत नाही. आधी पगारवाढीचा आकडा बघा."

"आकडा टक्क्यातच हवा," तात्या म्हणाले. "वीस वर्षं घासलेल्या माणसाला मान नको?"

ताईंनी पेपरच्या कडेला हिशेब मांडला. फिटरला ४०,०००, पॅकिंगवालीला १८,०००. सरसकट १० टक्के दिले तर त्याला ४,००० मिळतात, तिला १,८००. दोघांतलं अंतर २२,००० होतं, ते २४,२०० झालं. म्हणजे युनियनच्याच सहीने दरी वाढली, आणि दर तीन वर्षांच्या कराराला ती वाढतच जाते. तेच ५,८०० रुपये निम्मे-निम्मे वाटले तर दोघांना २,९०० येतात आणि अंतर आहे तिथेच थांबतं.

"आणि फिटर सव्वासात टक्क्यांवर सही करेल?" तात्यांचा आवाज चढला. "आयटीआयची पोरं दुसरा झेंडा धरतील. नव्या कामगार संहितेत वाटाघाटीला एकट्याने बसायचं तर मस्टरवरचे, म्हणजे कंपनीच्या हजेरीपटावरचे, ५१ टक्के कामगार सोबत लागतात. ते कुठून आणू?"

तात्यांची भीती खरी आहे. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात एकाही युनियनकडे ५१ टक्के नसले तर वाटाघाटी परिषद बसते आणि निदान २० टक्के पाठिंबा असलेल्या प्रत्येक युनियनला तिच्यात जागा मिळते. मग एका टेबलाशी तीन तोंडं, आणि व्यवस्थापनाला हवंच असतं ते.

तोड ताईंनीच काढली. दोघांनाही २,००० सरसकट, वर नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षाला ६० रुपये. वीस वर्षांच्या फिटरला ३,२०० पडले, म्हणजे ८ टक्के. दहा वर्षांच्या पॅकिंगवालीला २,६००, म्हणजे साधारण साडेचौदा टक्के. खर्च तोच, ५,८००. मला हीच मांडणी रास्त वाटते, कारण वर्षाची किंमत फिटरला आणि पॅकरला सारखीच लागते. मान ज्येष्ठतेचा राहतो, खात्याचा नाही.

हजेरी भत्त्यावर मात्र वाद झालाच नाही. महिन्यात एक खाडा पडला की अख्खा भत्ता कापायचा, असं कलम असलं की पोर आजारी पडल्याचा भुर्दंड बहुतेक आईलाच बसतो. त्यामुळे भत्ता दिवसाच्या हिशेबाने मिळावा आणि प्रसूती रजेचे दिवस हजेरीत धरावेत, हे करारातच लिहून घ्यायचं. तोंडी कबुली मॅनेजर बदलला की संपते.

"कंत्राटवाल्यांचं काय?" वकीलसाहेबांनी मुद्द्यालाच हात घातला. "तुमच्या मस्टरवर ते नाहीत, म्हणून ५१ टक्क्यांत धरले जात नाहीत. पण मशीन तेच चालवतात."

तात्या म्हणाले, "अनुचित कामगार प्रथेची, म्हणजे मालक कायद्याने मनाई असलेलं वागतो अशी, तक्रार टाकू."

"तिथेच घात होतो. कंपनी 'हे आमचे कामगारच नाहीत' म्हणाली की तक्रार टिकत नाही. २००१ मध्ये सिप्ला प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं. मालक-कामगार हे नातं आधी औद्योगिक न्यायाधिकरणापुढे सिद्ध करावं लागतं."

ते सिद्ध करायचं तर कागद हवेत. ठेकेदार नाव बदलतो, मध्ये खंड दाखवतो. पण पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा नंबर, तोच राहिला असेल तर पासबुकात सगळे महिने ओळीने दिसतात. काम कुठे केलं ते मात्र पासबुकात नसतं. त्याला गेटपास लागतो, आणि काढून टाकताना पहिल्यांदा तोच काढून घेतात. म्हणून कामावर असतानाच त्याचा फोटो घरी जायला हवा. पगार थकला तर दाद लवकर मिळते: ठेकेदाराने दिला नाही तर मूळ मालकाने द्यायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या संहितेतही आहे.

युनियनच्या घटनेत 'ठेकेदारामार्फत काम करणारेही सभासद' हे शब्द नसतील तर आधी ती दुरुस्ती करायची. वर्गणी पगाराच्या अर्धा टक्का: फिटरला २००, पॅकरला ९०. सगळ्यांना सारखेच २०० लावले तर कंत्राटवाली पावती फाडणारच नाही.

"बरं, दोन जागांचं काय ठरलं?" तात्यांनी विचारलं.

"कंपनीतल्या तक्रार निवारण समितीत कायद्याने बायका त्यांच्या संख्येच्या प्रमाणात घ्याव्याच लागतात, २० कामगारांपासून पुढे," वकीलसाहेब म्हणाले. "मग आपल्या कमिटीत दोनच कशाला?"

"आणि सभा रविवारी संध्याकाळी ठाण्याच्या हॉलमध्ये नको," ताई म्हणाल्या. "जेवणाच्या सुट्टीत, कँटीनमध्ये. पाळीनंतर घेतली तर कंपनीची बस चुकते."

तात्यांनी तो पेपर घडी करून खिशात ठेवला. ६० चा आकडा ७५ करून मागू म्हणाले, घासाघीस होणारच.