सप्तपदी आणि श्रीलंका

२००८ सालची गोष्ट. तेव्हा आमच्या सांगलीत दर दुसऱ्या फोटो स्टुडिओच्या दारात 'जुन्या कॅसेटवरून डीव्हीडी करून मिळेल' असा बोर्ड असायचा. बायको म्हणाली, अहो आपल्या लग्नाची कॅसेट देऊन टाका की एकदा. मी गेलो, रेट विचारला, आणि रेट ऐकून जे वाक्य तोंडातून गेलं त्याचे हप्ते पुढे दोन महिने फेडले. म्हणलं, हात्तिच्या, घरी कॉम्प्युटर आहे, डीव्हीडी रायटर आहे, त्यात काय एवढं!

कॅसेट माळ्यावर होती. २००५ च्या पुरात खालचं सगळं भिजलं, माळा वाचला, पण ओल काय जिना चढायला थांबत नाही. कॅसेटच्या काचेतून बघितलं तर रिळावर पांढरं पांढरं, उन्हाळ्यात लोणच्यावर येतं तसं. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं ते मला माहीत नाही, मी फुंकर मारली आणि मेहुण्यानं दुबईहून आणलेल्या व्हीसीआरमध्ये घातली. दहा सेकंद सनई वाजली, मग नुसत्या मुंग्या.

रिपेअरवाल्या काकांनी झाकण उघडलं आणि डॉक्टर घरच्यांकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं. "साहेब, बुरशीची कॅसेट कधी घालायची नसते. आतला हा ड्रम मिनिटाला १५०० फेरे मारतो, त्याच्या हेडला ती घाण बसली की चांगली कॅसेटपण दिसत नाही." त्यांनी हेड स्पिरिटनं पुसलं, मग मऊ फडकं टेपवर धरून बसले आणि मला म्हणाले, फिरवा चाक. तीन तासांच्या कॅसेटमध्ये साधारण २५८ मीटर टेप असते, हे मला त्या दिवशी मनगटानं शिकवलं.

मग मुंबईला जाणाऱ्या एका मित्राकडून लॅमिंग्टन रोडवरून व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं ते यूएसबीचं कॅप्चरचं डबडं मागवलं. पिवळी वायर चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. आमचा व्हीसीआर मोनो, त्याला आवाजाचं एकच भोक, त्यामुळे अख्खं लग्न डाव्या स्पीकरमधून ऐकू येत होतं. चित्र आलं ते काळंपांढरं आणि जिना चढल्यासारखं वर वर सरकणारं. शालूचा रंग कुठे गेला म्हणून बायकोनं विचारलं तेव्हा मी बुरशीवर ढकललं. चिरंजीव दहावीत होते, ते अभ्यास सोडून असल्या कामाला नेहमी हजर, त्यानं दोन मिनिटात शोधलं की सॉफ्टवेअर अमेरिकेच्या एनटीएससी या टीव्हीच्या पद्धतीवर आहे आणि आपल्याकडे पाल ही पद्धत चालते. एक टिकमार्क बदलला, शालू मोरपंखी झाला.

आता खरी मेख सांगतो, जी त्या स्टुडिओवाल्याच्या रेटमध्ये होती आणि मला दिसली नव्हती. कॅसेट कॉपी होत नाही, ती चालवावी लागते. तीन तासांचं लग्न कॉम्प्युटरमध्ये जायला तीनच तास लागतात, पळवता येत नाही, म्हणजे स्वतःचं लग्न पहिल्या नारळापासून शेवटच्या पंगतीपर्यंत परत लावायचं, तेही माऊसला हात न लावता, कारण लावला की कॉम्प्युटर अडखळतो आणि फ्रेम गळतात.

पहिल्या दिवशी गुरुजी अठराव्या मिनिटाला गप्प झाले. का, तर फाईल तासाला १३ जीबी खात होती आणि आमच्या डिस्कचं फॅट३२, म्हणजे फाईली ठेवायची जुनी पद्धत, एका फाईलला ४ जीबीच्या पुढे जाऊ देत नाही. ते चिरंजीवांनी एनटीएफएस ही नवी पद्धत लावून सोडवलं. दुसऱ्या दिवशी दोन तास पन्नास मिनिटं झाली, पाठवणी जवळ आली, बायकोचे डोळे भरून आले आणि लोडशेडिंग. टाइमटेबल पेपरात आलेलं होतं, मी बघितलं नव्हतं. यूपीएस दोनदा कुंई कुंई करून मेला, फाईल उघडेना.

तिसऱ्या दिवशी आई बसली, शेजारच्या काकू बसल्या, आत्या माधवनगरहून मुद्दाम आली. ही आत्या गेली सोळा वर्षं सांगत होती की तुझ्या लग्नात मला कुणी जेवायलासुद्धा विचारलं नाही. पंगतीचा भाग आला तर पहिल्याच ताटावर आत्या, जिलबी वाढणाऱ्याला हात आडवा न करता. तीनदा. खोलीत कोण काही बोललं नाही. आत्या म्हणाली, ती मी नव्हे.

आणि त्याच पंगतीत हॅलोजनच्या उजेडात अण्णा आले. २००१ ला गेले ते. कॅमेरावाल्याला म्हणत होते, "अहो तो दिवा घ्या बाजूला, लोकांना घास दिसू दे." आई म्हणाली, मागं घे. मी व्हीसीआर मागं घेतला. परत म्हणाली, मागं घे. कॅप्चर चालू आहे हे मला माहीत होतं.

याच्या आधीचं मुद्दाम मागं ठेवलंय, कारण तेवढा धीर होत नव्हता. कॅसेटच्या पाठीला एक प्लास्टिकची चिप असते, ती तोडली की वर काही रेकॉर्ड होत नाही. आमच्या कॅसेटची चिप तोडलेली होती. त्या जागी सेलोटेप लावलेला होता. सेलोटेप लावला की परत रेकॉर्ड होतं. तो कुणी लावला हा प्रश्न घरात आजवर निघाला नव्हता.

तर गुरुजी म्हणाले, आता उजवं पाऊल. मी एक पाऊल टाकलं, बायकोनं टाकलं, आणि दुसरं पडायच्या आत ईडन गार्डन. १३ मार्च १९९६, वर्ल्ड कपची सेमीफायनल. सचिन स्टंपिंग, १ बाद ९८ चे ८ बाद १२०, बाटल्या, स्टँडमधली आग, कांबळी रडत बाहेर. त्या रात्री कोरी कॅसेट मिळेना, आणि आपण जिंकणारच, पोरांना दाखवायला होईल, असा माझा हिशोब होता. कांबळीचा चेहरा जातो न जातो तोच पंगत चालू, आणि आत्या.

बायको बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "जिंकलेली तरी टेप करायची होती."

पुढचं पटकन सांगतो. आवाज आणि चित्राची फारकत झाली होती, मंगलाष्टका संपल्यावर गुरुजींचं तोंड हलायचं, त्यात आठवडा गेला. ४.७ जीबीची डिस्क विंडोजला ४.३८ च दिसते हे समजेपर्यंत दोन डिस्का वाया, आणखी चार ९८ टक्क्यांवर मेल्या. त्या सहाही चिरंजीवांनी कबुतरं हाकलायला गच्चीत टांगल्या.

सातवी चालली. मेनूमध्ये चॅप्टरची नावं बायकोनं स्वतः टाइप करून घेतली: सीमांतपूजन, मंगलाष्टका, सप्तपदी (श्रीलंका विजयी), पंगत. पंगतीत अण्णा दिवा बाजूला घ्यायला तीनदा सांगतात, मध्ये मागं पळतानाच्या रेघा. ते कापायचं का असं चिरंजीवांनी विचारलं होतं, आई नको म्हणाली.

आत्याचा फोन आला, मलापण एक कॉपी दे म्हणून. फक्त जेवणाचं तेवढं काढून.