केशवाहिनीत लाल पेशी 'अडकत' नाही

कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक ॲनिमेशन फिरतंय: बारीक वाहिनीच्या तोंडाशी लाल गोळे खोळंबलेले. खाली मजकूर: "पेशी ८ मायक्रॉनची, केशवाहिनी ५ची. वाट अरुंद तितकं रक्त घट्ट. कॉम्प्युटर मॉडेलनं सिद्ध! रोज सकाळी कोमट पाणी पिऊन रक्त पातळ करा."

'८ मायक्रॉन ५ मधून जाणार कसं?' सहज जातं. पेशी गोळा नाही, जेमतेम २-२.५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीची चकती आहे. आकारमान सुमारे ९० घनमायक्रॉन, आवरण १३५ चौरस मायक्रॉन. तेवढ्याच आकारमानाच्या गोळ्याला ९७ पुरतात. या जादा आवरणामुळे ती न ताणता दुमडते आणि सुमारे ३ मायक्रॉनच्या नळीतूनही सरकते. ॲनिमेशनमध्ये कडक गोळे घातलेत, मग अडकणारच.

'कॉम्प्युटरनं सिद्ध.' खऱ्या मॉडेलमध्ये आवरणाचे शेकडो त्रिकोण करतात, कडांना स्प्रिंगा लावतात, शिवाय वाकणं, क्षेत्रफळ आणि आकारमान यांवर बंधनं घालतात. बिघडतं इथंच. क्षेत्रफळाचं बंधन ढिलं ठेवलं, तर पेशी रबरासारखी ताणून कुठूनही निसटते. प्रत्यक्षात क्षेत्रफळ काही टक्के वाढलं तरी आवरण फाटतं. म्हणून आधी एकटी पेशी दोन्ही टोकांनी ओढून लांबी प्रयोगाशी जुळवायची, मगच ती वाहिनीत सोडायची. दुसरी चूक पेशींच्या प्रमाणाची. शिरेतल्या रक्ताचं ४५ टक्के हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा वाटा) जसंच्या तसं केशवाहिनीत भरलं, की खोटी कोंडी होते. पेशी नळीच्या मधून, प्लाझ्मापेक्षा (रक्तातल्या द्रवापेक्षा) वेगानं जातात, त्यामुळे कोणत्याही क्षणी नळीत त्यांचं प्रमाण कमीच असतं.

'अरुंद तितकं घट्ट.' उलट आहे. फोरियस आणि लिंडक्विस्ट या शास्त्रज्ञांनी १९३१ मध्येच दाखवलं, की सुमारे ३०० मायक्रॉनपेक्षा बारीक काचनळीत रक्ताचा चिकटपणा कमी होत जातो. पुढं ६-७ मायक्रॉनच्या आसपास तो सर्वांत कमी असतो, त्याखाली मात्र झपाट्यानं वाढतो. जिवंत वाहिनीत आतल्या मऊ अस्तरामुळे विरोध काचनळीपेक्षा जास्त असतो, हेही मॉडेलमध्ये धरावं लागतं.

कोंडी होते ती पेशी कडक झाल्यावर: सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात, फाल्सिपेरम या गंभीर प्रकारच्या मलेरियात. तिथं ही मॉडेलं खरंच कामाची आहेत.

राहिलं कोमट पाणी. निरोगी माणसात जादा पाणी मूत्रपिंडं बाहेर टाकतात. 'रक्त पातळ करणाऱ्या' गोळ्याही रक्ताचा चिकटपणा कमी करत नाहीत, गुठळी होणं रोखतात. हा मेसेज वाचून घरातल्या कुणी त्या बंद केल्या असतील, तर आजच डॉक्टरांना सांगा.