संभाजीनगर ते औरंगाबाद, स्वखर्चाने

मी कारखान्यांना पीएलसीचे, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकाचे, प्रोग्रॅम लिहून देतो. कुठली मोटर कधी फिरावी, कुठला व्हॉल्व्ह कधी उघडावा, हे यंत्राला समजावून सांगायचं, एवढंच काम. यंत्र समजून घेतं, हा या धंद्याचा मोठा फायदा. मालक मी, कामगार मी, गाडीचा ड्रायव्हर मी; हिशेब आणि जीएसटीची बिलं बायको बघते. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि फार तर जालन्याच्या स्टीलच्या मिला, इथं आमची पृथ्वी संपते.

पूर्वी मेंटेनन्सच्या साहेबांचा थेट फोन यायचा, "लाइन बंद पडली, या." मी जायचो, चहा व्हायचा, लाइन चालू व्हायची, बिल द्यायचो. आता बाहेरच्या माणसाला काम द्यायचं तर व्हेंडर कोड, म्हणजे कारखान्याच्या यादीतला नंबर, लागतो, आणि माझ्यासारख्या एकट्या माणसाला तो काढून देण्याची कुणाला हौस नसते. मग कारखाना बेंगळुरूच्या मोठ्या एजन्सीला सांगतो, ती नोएडाच्या छोट्या एजन्सीला सांगते, आणि नोएडाहून एक मुलगा मला फोन करतो. वाळूजचं काम. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. निरोप मात्र अर्धा भारत फिरून येतो.

पहिला प्रश्न ठरलेला. "सर, नोटिस पीरियड कितना है?"

मी सांगतो, मी कुणाकडे नोकरीला नाही, कंत्राटी काम करतो. तो म्हणतो, "ओके सर, तो नोटिस पीरियड?" एकदा वैतागून शून्य सांगितलं तर त्याला संशय आला. शून्य म्हणजे नक्कीच हाकललेला माणूस. तेव्हापासून मी पंधरा दिवस सांगतो. हे पंधरा दिवस मी कुणाला देणार, हे त्यानं विचारलेलं नाही, मीही सांगितलेलं नाही.

मग करंट सीटीसी (म्हणजे वर्षाचा एकूण पगार), एक्स्पेक्टेड सीटीसी, मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, पीएफचा यूएएन नंबर. माझी सगळी कमाई त्याला पैशापर्यंत हवी असते. कारखान्याकडून तुम्ही माझ्या नावावर किती घेता, असं मी उलट विचारलं की ते 'कॉन्फिडेन्शियल' असतं. आधार दोन्ही बाजूंनी, पॅन, कॅन्सल चेक, पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो आणि सीव्ही वर्डमध्ये, पीडीएफ चालणार नाही. वर्डमध्ये कशाला, तर माझा फोन नंबर खोडून त्यांचा लोगो घालायला.

मग तांत्रिक चाचणी. ती तोच मुलगा घेतो. "सर, आपके सीव्ही में टीआयए पोर्टल है, लेकिन सीमेन्स नहीं दिख रहा." टीआयए पोर्टल हे सीमेन्सचंच सॉफ्टवेअर. मी ते सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "सर, फिर भी सीमेन्स अलग से लिख दो, सिस्टम पकडता नहीं." लिहिलं. सिस्टमपुढं कुणाचं चालतं?

खरी बहार आली ती गावाच्या रकान्यात. माझ्या आधारवर छत्रपती संभाजीनगर, त्याच्या मागणीत औरंगाबाद. शहराचं नाव 2023 मध्ये बदललं, पण नोएडाच्या एक्सेल शीटपर्यंत ती बातमी अजून पोचायची होती.

"सर, संभाजीनगर से औरंगाबाद रीलोकेट करोगे?"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोर टीव्ही सेंटरकडे जाणारी रिक्षा उभी होती. म्हणालो, "अवघड आहे हो. पोरांची शाळा, नवीन घर, सामानाचा टेम्पो."

"सर, क्लाएंट रीलोकेशन नहीं देगा."

"बरं, निदान पहिले आठ दिवस हॉटेलचं?"

त्यानं होल्डवर ठेवून बेंगळुरूला विचारलं. बेंगळुरू नाही म्हणाली. शेवटी मीच मोठं मन केलं आणि स्वखर्चानं औरंगाबादला यायचं कबूल केलं. फॉर्मवर लागलं, 'रेडी टू रीलोकेट'. बायको म्हणाली, जाताना दूध घेऊन या.

निवड झाली. आता आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर हवं. आधीची कंपनी म्हणजे मीच. रात्री बसून माझ्याच लेटरहेडवर मी मला कार्यमुक्त केलं. 'वर्तणूक समाधानकारक' असं लिहिताना जरा थांबलो, मग 'अत्यंत' घातलं. खाली सही, शिक्का. पुढचा मेल आला, एचआरचा नंबर द्या, चौकशी करायची आहे. फर्मचा नंबर दिला. तो बायकोकडे असतो.

सकाळी फोन आला. "मॅडम, सर का लास्ट वर्किंग डे कब था?"

प्रश्नच तिला अशुभ वाटला. मी समोर जिवंत आहे याची तिनं एकदा खात्री करून घेतली. पुढचा प्रश्न सोडून जाण्याच्या कारणाचा. ती आमच्या इकडच्या हिंदीत म्हणाली, "छोड के किधर जारे? यहींच बैठे हैं ना, पोहे खारे."

चौकशीचा रिपोर्ट 'ग्रीन' आला.

काम दोन पाळ्यांत उरकलं, पैशाचं मात्र उरकत नाही. टीडीएस दोन टक्के कापायचा की दहा, यावर त्यांच्याकडचे दोन अकाउंटंट एकमेकांशी बोलत नाहीत. आणि मुख्य नियम असा, की क्लाएंटनं दिले की आम्ही देऊ. लघुउद्योजकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज द्यावं, असं 2006 चा एमएसएमई कायदा सांगतो. माझी उद्यम नोंदणी आहे. एका एजन्सीला मी हे कलम मेलमध्ये लिहून पाठवलं. 'नोटेड' असं उत्तर आलं. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही, आणि पैसेही.

बायको बीड जिल्ह्यातल्या केजकडची. दसरा-दिवाळीच्या सुमारास तिच्या गावातून ऊसतोडीला कोयते निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाची उचल कोयता निघण्याआधीच घरात येऊन खर्चून गेलेली. ती फेडता फेडता अडकून पडलेली घरं तिनं लहानपणापासून पाहिलीत. त्यामुळं मुकादमाबद्दल बरा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

परवा नव्या एजन्सीचा फोन तिनंच घेतला. माणूस कागदांची यादी सांगत होता. आधार, पॅन, चेक, पोलीस व्हेरिफिकेशन, बूट स्वतःचे, हेल्मेट स्वतःचं, लॅपटॉप स्वतःचा, पैसे नव्वद दिवसांनी. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"भैया," ती म्हणाली, "हमारे इधर मुकादम भी पहले उचल देता, फिर आदमी गाडी में बैठता. तुम क्या देते?"

उचल म्हणजे काय, ते त्याला नीट समजावून सांगावं लागलं. आगाऊ रोख, काम सुरू व्हायच्या आधी. पलीकडे कीबोर्डची टकटक झाली.

"मॅडम, वो उचल सीटीसी में इन्क्लूडेड है या अलग?"